वाचनालयाच्या मुक्त सॉफ्टवेअरला माणसं कशी जोडायची, आणि दर्जाही कसा राखायचा?

कृष्णाकाठ (धागाकर्ता, सांगली) | सोमवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. गेली साडेचार वर्षं मी छोट्या वाचनालयांसाठी एक मुक्त सॉफ्टवेअर सांभाळतोय. दाखल नोंदवही, सभासदांची वर्गणी आणि अनामत, रोजची देवघेव, एवढाच त्याचा पसारा. पायथॉनमध्ये लिहिलंय, सगळी माहिती एस्क्यूलाइट या डेटाबेसच्या एकाच फायलीत राहते, त्यामुळे जुन्या विंडोज कॉम्प्युटरवरही इंटरनेटशिवाय चालतं. सांगली, मिरज, तासगाव, पलूस आणि पलीकडे कोरेगावपर्यंत मिळून सतरा वाचनालयं ते वापरतात. कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला आहे. कोहासारखं वाचनालयांचं मोठं सॉफ्टवेअर असताना हे कशाला, असं कोणी विचारेल. कोहाला लिनक्सचा सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. दुपारी चार तास उघडणाऱ्या वाचनालयात यातलं काहीच नसतं.

आता मूळ अडचण. मागच्या सप्टेंबरात तक्रार आली की 'ॲड.' टाइप करून सभासद शोधला तर काही वकील सापडतात, काही सापडत नाहीत. कारण असं, की 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतंत्रपणे आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. जुने कीबोर्ड 'अ'च्या डोक्यावर चंद्र जोडून तेच लिहितात. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात, कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. एकाच वकिलांची दोन खाती निघाली होती, एकात अनामत जमा, दुसऱ्यात पुस्तक थकलेलं.

एका नव्या मुलाने यावर पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवला. बाहेरून आलेला तो वर्षातला दुसराच पॅच. मला इतका आनंद झाला की रात्री साडेअकराला मी तो वरवर वाचून मर्ज केला, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतला, आणि दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती सोडली. 'ॲ'चं काम त्याने चोख केलं होतं. पण त्याच ओळींत 'न दिसणारी अक्षरं साफ करणे' म्हणून झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) काढून टाकला होता, आणि तोही शोधापुरता नव्हे, थेट साठवलेल्या नोंदींमधून.

'तऱ्हा'मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एक, ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्याच्या मागे हा अदृश्य जोडक. जोडक गेला की 'तऱ्हा'चं 'तर्हा' होतं, 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' आणि 'कऱ्हाड'चं 'कर्हाड'. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ज्यांनी नोंदी केल्या होत्या त्यांना काहीच झालं नाही, कारण त्यांच्याकडे पहिला प्रकार होता. त्या मुलाच्या आणि माझ्या, दोघांच्याही मशीनवर तोच. एका वाचनालयात मात्र दुसऱ्या कीबोर्डवर काम झालेलं. तिथल्या अकरा हजार नोंदींपैकी चारशेच्या वर नोंदी बिघडल्या.

चूक माझी होती, कारण तपासणं हे मर्ज करणाऱ्याचं काम. पण मी त्या मुलाच्या पॅचखाली, सगळ्यांच्या देखत लिहिलं, 'मराठी नीट कळत नसेल तर मराठीच्या कोडला हात लावू नये.' तो परत आला नाही. मग मी नियम कडक केले. प्रत्येक बदलाआधी चर्चा, प्रत्येक बदलाला टेस्ट (कोड आपोआप तपासणारा छोटा प्रोग्राम), आणि शेवटचा शब्द माझाच. तेव्हापासून चुका कमी झाल्या खऱ्या, पण बदलच थांबले म्हणून. आज नऊ पॅच पडून आहेत. सगळ्यात जुना ४१ दिवसांचा आहे.

मला पुन्हा तसं वाचनालय बिघडवायचं नाही, आणि पुन्हा तसा मुलगाही गमवायचा नाही. ज्यांनी असे प्रकल्प चालवलेत त्यांनी सांगावं, तुम्ही हे कसं करता?

---

मिरजेची_लेक (सध्या पुणे) | सोमवार, रात्री ११.४०

दादा, आधी एक काम करा. ते नऊही पॅच आत्ता उघडा आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा, की पाहिला आणि अमुक वारापर्यंत तपासतो. सविस्तर नंतर. पहिला पॅच पाठवणारा माणूस दिवसातून चारदा ते पान उघडून बघत असतो. मी बघायचे. पहिल्या आठवड्यात कोणी बोललं तर तो दुसरा पॅच पाठवतो, महिन्याभराने बोललं तर तोवर त्याचं मन दुसरीकडे लागलेलं असतं.

कोहाचं नाव निघालंच आहे तर त्यांची पद्धत सांगते, कारण गेली सहा वर्षं तिथे मी जमेल तसं काम करते. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या वाचनालयांसाठी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं आणि जानेवारी २००० मध्ये ते चालू झालं. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. तिथे पॅच आला की त्यावर शिक्का पडतो 'साइन-ऑफ हवा'. ज्याने लिहिला त्याला स्वतःच्या पॅचवर साइन-ऑफ करता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी तो लावायचा, वापरून बघायचा आणि 'माझ्याकडे चालला' म्हणून आपलं नाव त्यावर घालायचं. मग क्यूए, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या, टीममधला तिसरा माणूस कोड वाचतो. त्याने होकार दिला की रिलीज मॅनेजर तो मुख्य शाखेत घेतो. म्हणजे एक बदल चार हातांतून जातो.

आता यातली गंमत बघा. साइन-ऑफ करायला पर्ल, म्हणजे कोहा जिच्यात लिहिलंय ती भाषा, यावी लागत नाही. पॅच पाठवणाऱ्याने चाचणीची कृती लिहायची असते: हा पडदा उघडा, हे भरा, हे बटण दाबा, हे दिसायला हवं. सँडबॉक्स म्हणून सोय आहे, तिथे ब्राउझरमधूनच पॅच लावून बघता येतो. कितीतरी साइन-ऑफ ग्रंथपालांचे असतात. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला जे खटकतं ते आपल्याला कोड वाचून कधीच दिसत नाही.

तुमच्याकडे या चारातल्या तीन खुर्च्यांवर तुम्ही एकटेच बसला आहात. नियम कडक केल्याने त्या खुर्च्या भरल्या नाहीत. उलट दारात आणखी एक कुलूप लागलं, आणि किल्ली पुन्हा तुमच्याच खिशात.

तांत्रिक बाजू: साठवलेल्या नावाला कधीही हात लावू नका. शोधासाठी वेगळा रकाना करा, त्यात 'ॲ' एक करा, जोडक काढा, काय हवं ते करा. पुस्तकाचं नाव ग्रंथपालांनी जसं लिहिलं तसंच राहू दे. आणखी एक खड्डा आधीच सांगून ठेवते. युनिकोडच्या दृष्टीने ऱ म्हणजे र आणि खाली नुक्ता. कोणी एनएफडी करून, म्हणजे अक्षराचे सुटे भाग करून, 'उर्दू नुक्ते काढून टाकू' म्हणालं तर सगळ्या ऱ चे र होतील आणि इन्स्क्रिप्टवाली वाचनालयंही त्यात जातील. याची टेस्ट आजच लिहून ठेवा. 'ॲ'ची दोन रूपं मात्र एनएफसी केल्याने, म्हणजे सुटे भाग परत जोडल्याने, एक होत नाहीत, ती आपल्यालाच जुळवावी लागतात.

आणि त्या मुलाबद्दल. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१८ च्या सप्टेंबरात आपल्या तुसड्या मेलबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामातून बाजूला झाले आणि मग परत आले. लिनक्सचं त्याने काही बिघडलं नाही. जिथे बोललात तिथेच, त्याच पॅचखाली माफी मागा. नवीन येणारा जुन्या पॅचखालची बोलणी आधी वाचतो, आपल्याशी इथे कसं वागतील ते त्यावरून ठरवतो.

---

कोयनाधरण | मंगळवार, सकाळी ७.१५

+१. वाचतोय.

---

येरळाकाठ | मंगळवार, सकाळी ९.०५

माझं मत थोडं वेगळं आहे. इतकी माणसं जोडायची गरज तरी आहे का?

तुम्ही ज्या एस्क्यूलाइटवर उभे आहात तिचंच बघा. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेलं काम. कोड सगळ्यांसाठी मोकळा, परवान्याचीही अट नाही, पण बाहेरच्यांचे पॅच ते सहसा घेत नाहीत. मोजकी माणसं लिहितात. टेस्टचा कोड मूळ कोडच्या पाचशेपटीहून जास्त आहे. प्रत्येक फोनमध्ये ते चालतंय. खुलं असणं आणि सगळ्यांनी हात लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि 'कोड उघडा आहे, कोणीतरी बघेलच' यावर तर माझा बिलकुल विश्वास नाही. हार्टब्लीड आठवा. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये २०१२ च्या मार्चमधल्या आवृत्तीत ती चूक बाहेर पडली आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये उघड झाली. समोरच्याने 'माझा निरोप इतका लांब आहे' असं म्हटलं की तो खरंच तेवढा आहे का हे न बघता तेवढी मेमरी परत पाठवली जायची, एका वेळी ६४ केबीपर्यंत. त्यात पासवर्ड असोत नाहीतर किल्ल्या. दोन वर्षं सगळं जगापुढे उघडं पडलेलं होतं. निम्मं जग ते वापरत होतं आणि सांभाळायला बोटावर मोजण्याइतकी माणसं, तीही फुटकळ देणग्यांवर. त्यानंतर कुठे मोठ्या कंपन्यांनी पैसे काढले.

तेव्हा दादा, टेस्ट वाढवा आणि जमलं तर सतरा वाचनालयांकडून वर्षाला थोडे पैसे घ्या. नवीन पोरं येतात, शिकतात आणि नोकरी लागली की जातात.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी १.२०

मिरजेची_लेक, नऊही पॅचखाली लिहिलं. माफीही तिथेच मागितली, आणि त्या मुलाला वेगळा मेलही केला. सगळ्यात जुन्या पॅचवाल्याने तर दहा मिनिटांत उत्तर दिलं. ४१ दिवस थांबलेला माणूस दहा मिनिटांत परत आला, हे बघून मला फार वाईट वाटलं.

येरळाकाठ, तुमचा एस्क्यूलाइटचा दाखला खरा आहे. पण ती माणसं पूर्ण वेळ तेच करतात, आणि मोठमोठ्या कंपन्या त्याचे पैसे देतात. मी नोकरी सांभाळून रात्री दीड तास बसतो. दुसरं म्हणजे डेटाबेस कसा वागायला हवा हे डेटाबेस लिहिणाऱ्याला माहीत असतं. वाचनालय कसं चालतं हे मला माहीत नव्हतं आणि अजूनही पुरतं माहीत नाही. सभासदाने नाव कमी केलं की अनामत परत देताना थकलेली वर्गणी त्यातून वजा करायची का आधी रोख घ्यायची, यावर मला तीन वाचनालयांत तीन उत्तरं मिळाली. हे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांना आत घेतल्याशिवाय माझ्या टेस्ट लिहायच्या तरी कशाच्या?

टेस्ट वाढवायच्या हे मात्र शंभर टक्के मान्य.

---

तिसरं_वर्ष_सीएस (सांगली) | मंगळवार, दुपारी ४.४५

सर, पडलेल्या नऊ पॅचपैकी एक माझा आहे (पावतीवरचा दाखल क्रमांकवाला). बाहेरून कसं दिसतं ते सांगू का?

मला तुमचं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर चालू करायला दोन संध्याकाळी लागल्या. रीडमीमध्ये (माहितीच्या फायलीत) लिहिलंय 'नेहमीप्रमाणे इन्स्टॉल करा'. नेहमीप्रमाणे म्हणजे काय हे पहिल्यांदा करणाऱ्याला कसं कळणार? पायथॉनची कुठली आवृत्ती हे शेवटी तुमच्या जुन्या कमिटमध्ये सापडलं. नमुन्याचा डेटा नाही, त्यामुळे मी स्वतः बसून वीस पुस्तकं भरली, आणि ती सगळी एकाच कीबोर्डवरून. म्हणजे मीही अगदी तीच चूक केली असती जी त्या मुलाने केली. टेस्ट आहेत असं लिहिलंय, पण त्या कशा चालवायच्या ते नाही. 'चर्चा करून मग पॅच पाठवावा' असंही लिहिलंय, चर्चा कुठे करायची ते नाही.

एवढं करून पॅच पाठवला आणि महिनाभर शांतता. मला वाटलं काहीतरी फार चुकलंय म्हणून सर बोलत नाहीत.

आमच्या कॉलेजमधल्या मुलांबद्दलही बोलतो. ऑक्टोबरात पॅच पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅकटोबरफेस्टच्या मोहिमेत २०२० साली रीडमीमध्ये एक शब्द घालून पाठवलेल्या पुल रिक्वेस्टचा (म्हणजे 'माझा बदल घ्या' अशा विनंत्यांचा) जगभर पूर आला, त्यात आपल्याकडची मुलं खूप होती. शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला, की प्रकल्पाने स्वतः होकार दिला तरच तिथल्या पुल रिक्वेस्ट धरायच्या. त्यामुळे कॉलेजच्या मुलाचा पॅच दिसला की मेंटेनरच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या, कपाळाला आठी पडते, हे मला समजतं. पण आमच्यातल्या पाच-सहा जणांना खरंच काम करायचं असतं. कुठलं काम आमच्या आवाक्यातलं आहे हे कोणी सांगितलं तर आम्ही करतो.

---

मिरजेची_लेक | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

भावा, तू जे लिहिलंस तोच तुझा दुसरा पॅच. 'नेहमीप्रमाणे इन्स्टॉल करा' ही ओळ काढ आणि त्या दोन संध्याकाळी तुला काय-काय करावं लागलं ते क्रमाने लिही. हे काम नवीन माणसालाच जमतं. जुन्याला ते अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे कुठे अडतं हे त्याला आठवतच नाही.

दादा, नमुन्याचा डेटा हे याचं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं आहे. तो असता तर सप्टेंबरातली चूक त्या मुलाला स्वतःच दिसली असती.

---

दाखल_नोंद (तासगाव) | मंगळवार, रात्री ९.१०

कृष्णाकाठ सर, तुम्ही नाव घेतलं नाहीत, पण चारशे नोंदी बिघडल्या ते वाचनालय आमचं. मी तिथे बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. मला प्रोग्रामिंग येत नाही. तरी लिहिते.

चूक आमच्या लक्षात आली नव्हती. एक जुने वाचक आहेत, रोज चार वाजता येतात. त्यांनी पडद्याकडे बघून सांगितलं, 'बाई, कऱ्हाडला काय झालं हे?' मग मी यादी वर-खाली करून बघितली आणि पोटात खड्डा पडला. पेन ड्राइव्हवरचा बॅकअप आठ दिवसांपूर्वीचा. तो घातला, आणि मधल्या आठ दिवसांची देवघेव आमच्या शिपाईमामांनी कागदी रजिस्टरातून एकेक वाचून दाखवली, मी भरली. दोन दिवस वाचनालय फक्त वर्तमानपत्रांपुरतं उघडं ठेवलं. आमच्या मामांनी कागदी रजिस्टर बंद करू दिलं नव्हतं म्हणून वाचलो.

मला राग कशाचा आला ते सांगते. नोंदी बिघडल्या त्याचा नाही आला, माणसाच्या हातून चुका होतात. नवीन आवृत्ती आली तेव्हा त्यात काय बदललंय हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. 'अपडेट उपलब्ध, होय दाबा' एवढंच. मी होय दाबलं. 'पुस्तकांच्या नावांमधली काही अक्षरं बदलणार आहेत, आधी बॅकअप घ्या' असं साध्या मराठीत एक ओळ असती तर मी आधी पेन ड्राइव्ह लावला असता. आणि खरं सांगायचं तर मी तुम्हाला फोन करून विचारलं असतं, कुठली अक्षरं? ही चूक तिथेच सापडली असती.

ताईंनी कोहाचं सांगितलं ते मला पटलं. पडदा उघडा, हे भरा, हे दिसायला हवं. असं लिहून दिलंत तर मी दुपारी साडेतीनच्या आधी, वाचक यायच्या आत तपासून देईन. आजवर मला कोणी विचारलंच नाही.

आणखी एक. ज्या शब्दांनी कॉम्प्युटर अडतो ते मी एका वहीत लिहून ठेवत आले आहे. आमच्याकडे नोंदी तीन जणांनी तीन वेळा केल्या, प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा. कऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या, पाऱ्याचा, ॲड., ऑगस्ट, ज्ञान, क्षीरसागर, वाङ्मय, ब्राह्मण, चिन्ह, उद्‌घाटन. 'वाङ्मय' तर चार प्रकारे निघालं. साठेक शब्द होतील. हवे आहेत का?

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९.४०

बाई, हवेत. साडेचार वर्षांत यापेक्षा मोलाचं काही मला कोणी दिलेलं नाही. वहीच्या पानांचे फोटो पाठवा, आणि शक्य असेल तर ते शब्द तुमच्या कॉम्प्युटरवरून, तिन्ही कीबोर्डनी टाइप करून एका फायलीतही पाठवा. फोटोतून मला शब्द कळतील, पण आत अक्षरं कशी साठली आहेत ते फायलीतूनच कळेल.

तुम्ही दोन दिवस रजिस्टरातून नोंदी भरत बसलात, ते तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. तुमची आणि मामांची मनापासून माफी मागतो.

---

अजिंक्यतारा (सातारा) | बुधवार, सकाळी ८.२०

रात्री सगळा धागा वाचला. बाईंची वही बघून मला एकच सांगावंसं वाटतं, ती टेस्टमध्ये गेली पाहिजे आणि कायम तिथे राहिली पाहिजे.

पण मी दुसऱ्या एका धोक्याबद्दल बोलतो, कारण कृष्णाकाठ यांच्या लिहिण्यात मला थकवा दिसतोय. मीही वाईच्या एका मित्राबरोबर असाच एक प्रकल्प सहा वर्षं चालवला. तो परदेशी गेला, मी आजारी पडलो आणि प्रकल्प बंद पडला. वापरणाऱ्यांना कळवायचीही ताकद राहिली नव्हती. एकट्याने सांभाळणं चांगलं चाललेलं असतं तोवरच चालतं.

फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या सॉफ्टवेअरचं प्रकरण तुम्हाला माहीत असेल. एकटा, दमलेला मेंटेनर. दोन वर्षांहून जास्त काळ एक 'मदतनीस' चांगले पॅच पाठवत राहिला. दुसऱ्या काही खात्यांवरून 'काम पुढे सरकत नाही, दुसऱ्याला अधिकार द्या' असा तगादा सुरू झाला. शेवटी अधिकार मिळाले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवलं गेलं. ते कुठे लपवलं होतं? टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या फायलींत. आणि ते उघडणारी ओळ फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती, रिपोमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या मूळ कोडच्या साठ्यात, नव्हतीच. २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाने ते जगाला सांगितलं. एसएसएचने (दूरच्या कॉम्प्युटरवर) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं, म्हणून तो मागे लागला. बाईंच्या त्या चार वाजताच्या वाचकांसारखाच, रोजच्या वापरातला माणूस.

यावरून दार बंद करायचं असं मी म्हणत नाही. अधिकार घाईने आणि थकव्याने देऊ नयेत, आणि प्रत्येक आवृत्ती रिपोमधूनच, दोघांच्या नजरेखाली तयार व्हावी. आत्ता दम आहे तोवरच दुसरा माणूस तयार करा. मिरजेची_लेक आठवड्यातून एक तास देणार असतील तर क्यूएची खुर्ची त्यांची. विंडोजवरची आवृत्ती तयार करायची जबाबदारी मी घेतो. मला ते येतं आणि माझ्याकडे आता वेळ आहे.

---

मिरजेची_लेक | बुधवार, सकाळी ८.५०

देते एक तास. शनिवारी सकाळी.

---

येरळाकाठ | बुधवार, सकाळी १०.३०

बाईंचं वाचून मी माझं म्हणणं थोडं बदलतो. मोजक्या माणसांनी कोड लिहावा हे अजूनही मला पटतं. पण तपासणारी माणसं जितकी जास्त तितकी बरी, हेही तितकंच खरं.

एक गोष्ट विचारायची राहिली. एआयकडून लिहून घेतलेले पॅच येतात का? कर्ल या मुक्त सॉफ्टवेअरच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२४ च्या जानेवारीतच लिहिलं होतं की सुरक्षेच्या नावाखाली एआयने रचलेले खोटे अहवाल येतात, दिसायला नीटनेटके असतात आणि ते खोटे आहेत हे ठरवण्यात माणसांचा वेळ जातो. तुमच्याकडे तर दीडच तास आहे.

---

तिसरं_वर्ष_सीएस | बुधवार, सकाळी ११.१०

आमच्यातले जवळजवळ सगळेच एआय वापरतात, मीही वापरतो. माझ्या मते नियम इतकाच असावा, की पाठवलेली प्रत्येक ओळ आपल्याला समजावून सांगता आली पाहिजे, आणि चाचणीची कृती स्वतः करून बघितलेली पाहिजे. जोडक का काढला असं विचारल्यावर ज्याला उत्तर येत नाही त्याने तो काढू नये.

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०.१५

आज बसून हे केलं. नियमांचं जुनं पान काढून टाकलं. नवीन पान अर्ध्या पडद्याएवढं आहे. पॅचबरोबर चाचणीची कृती हवी, मराठीत. लिहिणाऱ्याव्यतिरिक्त एका माणसाने, शक्यतो वाचनालयातल्या, ती करून बघितलेली हवी. एआयबद्दल वरच्या प्रतिसादातली ओळ जशीच्या तशी घातली. आणि माझ्याकडून एक बांधिलकी लिहिली, पहिलं उत्तर सात दिवसांच्या आत. सात दिवसांत मला जमलं नाही तर मिरजेची_लेक किंवा अजिंक्यतारा उत्तर देतील, दोघांना रिपोवर तेवढे अधिकार दिलेत. मर्ज करायला मात्र दोघांचा होकार लागेल, आणि त्यात मीही आलो. रात्री साडेअकराला एकट्याने मर्ज करणं आता मला शक्यच नाही.

बाईंच्या साठ शब्दांची फाईल टेस्टमध्ये गेली. जुन्या कोडवर चालवली तर साठातले एकोणीस शब्द नापास झाले. ते बघत बराच वेळ नुसता बसलो. शोधाचा वेगळा रकाना करणारा पॅच क्रमांक ७ आता तपासणीला ठेवलाय, आणि नमुन्याचा डेटा म्हणून बाईंच्या यादीतून तीनशे पुस्तकं घेतली, सभासदांची नावं बदलून.

त्या मुलाचं उत्तर अजून आलेलं नाही.

---

दाखल_नोंद | गुरुवार, दुपारी ३.२०

पॅच ७ तपासला. दिलेली कृती सगळी केली.

'कऱ्हाड' तिन्ही कीबोर्डवरून शोधलं, तिन्ही वेळा तीच ३६ पुस्तकं आली. 'ॲड.' शोधल्यावर दोन्ही प्रकारचे वकील आले. पुस्तकांची नावं शोधाआधी आणि शोधानंतर छापून शेजारी ठेवली, एकाही अक्षराचा फरक नाही. शिपाईमामांनीही बघितलं. 'वाङ्मय'चे चारपैकी तीन प्रकार सापडतात, चौथा नाही. पडद्याचा फोटो पॅचखाली लावला आहे.

तपासताना आणखी एक दिसलं, ते या पॅचमधलं नाही, जुनंच असावं. सभासदांची यादी आडनावाने लावली की 'क्षीरसागर' हे 'कोरे' आणि 'खाडे' यांच्या मधे येतं. आमच्या रजिस्टरात क्ष आणि ज्ञ सगळ्यांच्या शेवटी असतात, शब्दकोशातही तसंच. वाचक शेवटी शोधतात आणि नाव नाही म्हणून परत जातात.

---

तिसरं_वर्ष_सीएस | गुरुवार, दुपारी ३.५०

बाई, क्रम लावायचं मी घेऊ का? आमच्यातले दोघे आहोत. रजिस्टरातल्या 'स'पासून शेवटपर्यंतच्या पानांचा फोटो मिळाला तर नक्की क्रम कळेल. ळ कुठे ठेवता तेही बघायचंय.

---

दाखल_नोंद | गुरुवार, संध्याकाळी ७.०५

फोटोत नीट येत नाही, पानं जीर्ण आहेत. शनिवारी अकरा वाजता या दोघं. रजिस्टर टेबलावर काढून ठेवते.